मोसंब्याच्या मापाचं टोपडं

भाईंदरला लोकर विणणारी बाई म्हणजे चेष्टेचाच विषय. इथे थंडी पडते ती पंखा एकवर आणण्यापुरती आणि पहाटे पायावर चादर ओढण्यापुरती. बाकी वर्षभर घामाच्या धारा. तरीही इंद्रलोक भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जेवढी बाळं जन्मली, ती जवळजवळ सगळी माझं टोपडं घालून पहिल्यांदा लिफ्टमधून वर आली आहेत. मे महिन्यात जन्मलेलीसुद्धा. बाळाच्या डोक्याला वारं लागता कामा नये, हे मराठी, गुजराती, मारवाडी, यूपीवाले अशा सगळ्यांना एकाच आईने शिकवल्यासारखं पाठ असतं. समोरच्या गुजराती वहिनी तर सून गरोदर आहे हे आधी मला सांगायच्या आणि मग तिच्या माहेरी कळवायच्या. "मासी, इस बार पीला बनाना, गुलाबी को नजर लगती है." कुठल्या रंगाला कुणाची नजर लागते हे विचारणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. मी आपली सांगतील त्या रंगाचं विणून देत होते.

विणायला मी नोकरीत शिकले, गिरगावात राहत होते तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत. मला नुसतं बसून राहणं जमत नाही. हात रिकामे असले की माझी जीभ चालते आणि जीभ चालली की घरात भांडण होतं, असं माझी मुलगी म्हणते. ते खोटं नाही. तिचे वडील गेल्यानंतर इंद्रलोकच्या घरात मी आणि माझी जीभ दोघीच उरलो, तेव्हा सुयांनीच मला माणसांत ठेवलं.

मुलगी एकुलती एक. दिली ती स्टेशनच्या पलीकडे, मुर्धा गावात. तिच्या सासरची पूर्वी मिठागरं होती, भातशेती होती. आता शेताच्या जागी टॉवर उभे आहेत आणि जावई एसी दुरुस्तीचा धंदा करतात. माझ्या विहीणबाई मात्र अजून तशाच आहेत. पायात जाड जोडवी, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा आणि प्रत्येक गोष्टीत काहीतरी रीत. लग्नात आमचं तीन वेळा वाजलं होतं. त्यानंतर आम्ही दोघींनी एकमेकींशी जपून बोलायचं ठरवलं, म्हणजे बोलायचंच नाही असं ठरवलं.

मुलीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी वेड्यासारखी विणत सुटले. पिवळा स्वेटर, पिवळं टोपडं, मोजे, हातमोजे, वर एक लहानशी शाल. सगळा सेट तिला नेऊन दिला आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. काही दिवसांनी ती माझ्याकडे आली ती तो सेट घेऊनच. इस्त्री करून, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. "आई, हे तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणाली. मी ती पिशवी माळ्यावर टाकली. दुसऱ्या वेळी मी सुईला हात लावला नाही, तरी तेच झालं. म्हणजे लोकरीचा काही दोष नव्हता हे उघड होतं. पण जे बुद्धीला पटतं ते पोटातल्या भीतीला पटतंच असं नाही.

तिसऱ्या वेळी ती आली आणि चपला काढायच्या आधीच दारात म्हणाली, "आई, परत दिवस गेलेत. काही विणायचं नाही. डोहाळजेवण करायचं नाही. बिल्डिंगमध्ये कुणाला सांगायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

"तुझं बरं मला माहितीये."

मी सुया खरंच वर ठेवल्या. माझे हात इतके शिवशिवायचे की मी भाजीवाल्याशी, वॉचमनशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, दिसेल त्याच्याशी भांडत सुटले. आणि त्याच दिवसांत एकदा दुपारी विहीणबाई अचानक दारात उभ्या. उत्तनहून आणलेले सुके बोंबील आणि जवळा घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी आपली हातातल्या रुमालाची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते. त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"विणा ना," त्या म्हणाल्या. "विणायला कोन न्हाय म्हनतो? फक्त पुरं नका करू."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात बाळ यायच्या आधी गोधडी शिवतात, पण तिचा एक कोपरा उघडा ठेवतात. तो शिवायचा बाराव्या दिवशी, बारशाला. "पुरं झालं की आपन वाट बघाया बसलो असं दिसतं. मग नजर लागते. अर्धं हाय तवर कोनाचं लक्ष जात न्हाय."

एरवी असल्या गोष्टींवर मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी त्यांना दुसरा कप चहा दिला. आमच्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते हे.

त्या संध्याकाळी मी सुया काढल्या. पांढरी मऊ लोकर आणली आणि विणत गेले. बाह्या न जोडलेला स्वेटर, एकच मोजा, माथा उघडा असलेलं टोपडं. जे हातात घ्यायची ते शेवटाला आलं की सोडून द्यायची आणि दुसरं धरायची. एकदा मुलगी कपाट उघडायला गेली आणि तिला ती टोपली सापडली. तिने एकेक वस्तू काढून बघितली. प्रत्येकीचा लोंबता धागा बोटाने चाचपला. मग सगळं होतं तसं ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

दिवस भरायला अजून पुष्कळ अवकाश होता तेव्हाच तिला मीरा रोडच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. दुपारपर्यंत ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मी तिला पाहिलं ते ढकलगाडीवरून नेताना, निमिषभर. हिरव्या कापडाच्या मधोमध काहीतरी लालसर होतं आणि ते हलत होतं. मग दार बंद झालं. डॉक्टर म्हणाले, श्वास स्वतःहून नीट घेता येत नाहीये, अंगात ऊब राहत नाहीये, आता काही सांगता येत नाही, वाट बघू. वाट बघू. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या गोष्टीपासून आम्ही इतके महिने पळत होतो, तीच डॉक्टरांनी आम्हाला करायला सांगितली होती.

माझ्या मुलीला वरच्या मजल्यावर खोली दिली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जावयांनी मोबाईलवर बाळाचा फोटो काढून आणला होता. तो दाखवायला ते पुढे झाले तर तिने डोळे मिटून घेतले.

"मला नका दाखवू," ती म्हणाली. "मागच्या वेळी दाखवलं होतं."

जावई फोन खिशात ठेवून बाहेर गेले. जिन्यात उभं राहून ते रडत होते. मी तिथून जाताना त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण थांबले नाही. थांबले असते तर मीही कोसळले असते.

संध्याकाळी बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांच्या खोलीतली सिस्टर बाहेर आली. केरळची होती, करड्या आवाजाची. "अम्मा, टोपी और मोजा लाओ. ऊन का. सर खुला रहेगा तो गरमी निकल जाता है. छोटा लाना, बहुत छोटा."

कपाटातल्या टोपलीतलं सगळं पूर्ण दिवस भरून आलेल्या बाळाच्या मापाचं होतं. मी रिक्षा केली आणि स्टेशन रोडवरची लहान मुलांची दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच माप. एक दुकानदार म्हणाला, "आंटी, न्यूबॉर्न में इससे छोटा आता ही नहीं." मी त्याला म्हटलं, आता आलंय, आणि तू मला शिकवू नकोस. बिचाऱ्याचा काही अपराध नव्हता. तिथून मी घरी गेले आणि टोपली उचलून परत हॉस्पिटलात आले.

पेट्यांच्या खोलीबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी स्वतःचंच विणलेलं उसवायला घेतलं. विहीणबाई समोर बसून सुटलेल्या लोकरीचा गुंडा करत होत्या. सिस्टरला माप विचारलं तर तिने मूठ वळून दाखवली आणि म्हणाली, इससे थोड़ा बड़ा. मुठीवर काय विणणार? विहीणबाईंनी मुलीसाठी आणलेल्या फळांच्या पिशवीत हात घातला आणि त्यातलं सगळ्यात मोठं मोसंबं काढून सिस्टरपुढे धरलं. तिने ते हातात घेतलं, फिरवलं आणि मान हलवली.

मी आयुष्यात नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या, ऑफिसातल्या कित्येक पोरांची टोपडी केली होती. मोसंब्यावर टोपडं चढवून बघताना पहिल्यांदाच माझ्या हातून टाके सुटले. मी ते परत उचलत होते. विहीणबाई मोसंबं दोन्ही हातांत धरून अगदी स्थिर बसल्या होत्या, जणू ते हललं तर काहीतरी होईल. मोजे मी माझ्या अंगठ्यावर बेतले.

माथ्याचे शेवटचे टाके राहिले तेव्हा मी वर गेले. मुलगी तशीच पडून होती. तिने तोंड न वळवताच विचारलं, "बंद केलंस?"

"नाही अजून."

"नको करूस."

"अगं, सिस्टरला आत्ता लागणार आहे."

"दे तिला. पण शेवट बंद करू नकोस. बारशापर्यंत नको." मग जरा वेळाने म्हणाली, "बारसं झालं तर."

मी खाली आले. उरलेल्या टाक्यांतून धागा ओवला, ओढून घेतला आणि गाठ न मारता तसाच सोडला. मोज्यांचंही पुढच्या टोकाला तेच केलं. लोंबणारा धागा दिसू नये म्हणून आत खुपसून दिला. विहीणबाईंनी ते बघितलं आणि समाधानाने मान हलवली. जावयांनी सगळं घरी नेऊन गरम पाण्यातून काढलं, इस्त्रीने सुकवलं आणि स्वच्छ पिशवीत घालून आणलं. सिस्टर पिशवी घेऊन आत गेली. काचेतून लांबवर मला पांढरा ठिपका दिसला. ते माझं टोपडं होतं आणि त्याच्याखाली माझी नात होती. मला खूप बरं वाटलं. ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी वरच्या खोलीत होतो. विहीणबाई मुलीला पेज भरवत होत्या आणि ती तोंड मिटून घेत होती. तेवढ्यात सिस्टर आत आली. तिच्या हातात एक मोजा होता. आतला धागा बाहेर लोंबत होता.

"ये किसने बनाया?"

"मैंने," मी म्हटलं.

"धागा खुला छोड़ा है अम्मा. बेबी पैर मारता है. अंदर धागा उंगली में लपेट गया. पूरा टाइट. उंगली नीला हो गया था." तिने आवाज चढवला नव्हता, तेच जास्त लागलं. "मैंने काट के निकाला. अब उंगली में खून बराबर जाता है. लेकिन मैं मोजा नहीं निकालती तो?"

मी तो मोजा हातात घेतला. माझ्या अंगठ्याएवढा. जिला जपायचं म्हणून आम्ही तीन बायकांनी एक धागा मोकळा सोडला होता, त्याच धाग्याने तिचं बोट आवळलं होतं. आम्ही इतके महिने बाहेरच्या नजरेला भीत होतो, दाराआडच्या, शेजाऱ्यांच्या. आणि तो धागा आत पाठवला मीच, स्वच्छ धुवून घेऊन, इस्त्री करवून. विहीणबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली आणि त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या.

बोलली ती मुलगी. "कौनसा उंगली?"

ती आमच्याकडे वळली होती. बाळाबद्दल तिने विचारलेली ती पहिली गोष्ट.

"छोटेवाले के बाजू का. लेफ्ट पैर."

"रोई क्या वो?"

"बहुत रोया," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला. "आवाज निकाला पहली बार. ताकत है उसमें."

मुलीने पाय पलंगावरून खाली सोडले. ऑपरेशनच्या टाक्यांनी तिचा चेहरा पिळवटून निघाला. सिस्टर म्हणाली व्हीलचेअर आणते, तर नको म्हणाली. भिंतीला धरून, एका हाताने पोट आवळून ती चालत निघाली. मी मागून दोन्ही हात पसरून चालत होते. ती पहिलं पाऊल टाकायला शिकली तेव्हा चालले होते तशी.

आत एकीलाच सोडतात. मी काचेला कपाळ टेकून उभी राहिले. तिने हात धुतले, गाउन घातला, पेटीजवळ गेली. बराच वेळ नुसती उभी होती. मग पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला, तो डोक्याकडे नाही, छातीकडे नाही, तर पायाकडे. तिने त्या बोटाला हात लावला असावा. मला तिची पाठ दिसत होती आणि ती पाठ हलायला लागली. पोरगी दोनदा रिकाम्या हाताने घरी आली तेव्हाही इतकी रडली नव्हती. मला वाटलं, आत जावं आणि तिला ओढून बाहेर आणावं. आता हिने जीव लावला, आता जर काही झालं तर ही उरणार नाही. आई म्हणून माझ्या मनात तेव्हा आलेला विचार हा एवढाच होता, आणि तो माझ्या नातीबद्दलचा नव्हता.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते टोपडं आणि दुसरा मोजा होता; तोवर सिस्टरने बाळाचं डोकं कापसाने झाकलं होतं. माझ्या हातातला मोजाही तिने घेतला.

"आई, सुई दे. लोकरीची."

लहानपणी शाळेच्या सुट्टीत मी तिला जबरदस्तीने विणायला बसवायची. तिला त्याचा भयंकर कंटाळा. कसंबसं एखादं काम संपवायची आणि शेवटचा धागा तसाच लोंबता सोडून खेळायला पळायची. तो नेहमी मीच बंद करायची. आज ती त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वाकडी बसली आणि कापलेल्या धाग्याला नवा जोडून तिने एकेक टोक ओवून घेतलं. गाठ मारली, ओढून बघितली, परत मारली. उरलेला धागा टाक्यांच्या आतून उलटसुलट फिरवून पार जिरवला आणि दाताने तोडला. मग प्रत्येक मोजा उलटा करून आत बोट फिरवलं. कुठे काही लागत नाही ना, म्हणून पुन्हा फिरवलं. विहीणबाई जिन्याच्या पायरीवरून बघत होत्या. त्या कशालाही न्हाय म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुर्ध्याहून बाळासाठी शिवलेली गोधडी घेऊन आल्या. चौथा कोपरा शिवलेला होता. लाल दोऱ्याने, घाईघाईत घातलेले वाकडेतिकडे टाके. एरवी त्यांची शिवण बघण्यासारखी असते.

"शिवून टाकला," त्या म्हणाल्या आणि गोधडी मुलीच्या पायावर पसरली.

म्हणून सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. एकदा श्वास थांबला आणि आत सगळे धावले. एकदा रक्त चढवावं लागलं. डॉक्टर रोज तेच सांगत होते, वाट बघू. आमच्याकडे आता आड लपायलाही काही उरलं नव्हतं. सगळं पुरं करून, शिवून, गाठी मारून आम्ही उघड उघड वाट बघत बसलो होतो. मी इतकी घाबरलेली कधी नव्हते.

अशाच एका वाईट दुपारी मुलगी खालून आली. डॉक्टरांनी तिला काय सांगितलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पलंगावर बसली, पाणी प्यायली. शेजारच्या कपाटावर विहीणबाईंनी देवीपुढे ठेवून आणलेला सोललेला नारळ होता. तिने त्याच्यावर हात ठेवला.

"आई, पुढचं टोपडं विणायला घाल. एवढं."

मी नारळाकडे बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. मोसंब्यापासून नारळापर्यंत केवढं अंतर होतं हे तिला कळत होतं.

"घालते," मी म्हटलं.

"आणि बंद करून दे."

मी ते त्याच खोलीत बसून विणलं आणि शेवटचा धागा जिरवून तिच्या हातात दिलं. नात घरी आली तेव्हा ते तिच्या भुवयांवर येत होतं. दिवाळीत ते नीट बसलं. आता ते तिला लहान होतं.